राहिलेला कडू घास

तीर्थपुरीच्या बाजारातून आत वळलं की कोसभरावर साठ-सत्तर उंबऱ्यांची एक वाडी लागते. त्या वाडीत कोणाचं माणूस गेलं की बाया आधी दारात येत आणि मग एकमेकींना विचारत, "दुर्गाबाईला कळलं का?" कारण पुढचं काम तिचं असायचं. मयताच्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, हे आपल्याकडं लहान लेकरालाही ठाऊक असतं. सरण पेटवून माणसं परत आली, लिंबाचा पाला चावून थुंकला, की शेजारच्या चुलीवरचं पिठलं-भाकरी त्या घरात जातं. हळद नाही, फोडणी नाही. त्याला कडू घास म्हणतात.

आता पिठलं-भाकरी काय, कोणीही उचलून नेईल. पण नेलेलं खाऊ घालणं ही हिकमत सगळ्यांना नसते, आणि दुर्गाबाईला ती होती. ती समजूत घालायची नाही, देवाचं नाव घ्यायची नाही, 'झालं गेलं' तर बिलकुल म्हणायची नाही. समोर मांडी घालून बसायची, भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवायची आणि हात पुढं करून तसाच धरून ठेवायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. वसंताची तरणी बायको गेली तेव्हा त्यानं ताट भिंतीवर भिरकावलं. दुर्गाबाई उठली, घरी जाऊन दुसरं ताट घेऊन आली आणि पुन्हा हात धरून बसली. शेवटी माणसाला त्या हाताचीच दया येते हो. वसंतानं घास घेतला आणि मग कुठं तो रडला.

याचेही नेम असतात. पहिला घास लेकानं घ्यायचा, मग बाईनं, मग बाकीच्यांनी. आणि कडू घास कोणी दुसऱ्यांदा मागत नाही. एक घशाखाली उतरला की त्या दिवशी तेवढं पुष्कळ असतं.

अंतरवाली सराटीकडच्या माहेराहून सोळाव्या वर्षी ही बाई या वाडीत आली. शाळा पाहिली ती बाहेरून. पाच एकर कोरडवाहू रान, त्यात कापूस आणि आता आता सोयाबीन, एक नवरा आणि एक लेक, एवढा तिचा संसार. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण पंचेचाळीस वर्षांत वाडीतलं एकही मयत तिच्या घासाशिवाय पार पडलं नव्हतं. ती बाई दोन वर्षांपासून कोणाच्याच दारी गेली नाही. लोक म्हणत, नवऱ्याच्या जाण्यानं खचली. लोकांना काय, बोलायला लागतंच काही तरी.

खरं काय घडलं ते दोनच माणसांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिचा नवरा रामराव अंगणातल्या बाजेवर निजला तो पहाटे उठलाच नाही. लेक अंगद विलायतेत. जालन्याला बियाणांच्या कंपनीत नोकरी करता करता तो तिकडं गेला, आणि तिकडच्या एका शेतावर गव्हाच्या नव्या वाणांचं काम बघतो. त्याला फोन गेला. तो म्हणाला, "माय, मी निघालो. उद्या दुपारपर्यंत पोचतो बराबर. तोवर दादांना हालवू नका." रामरावचा धाकटा भाऊ काकासाहेब म्हणाला, थांबू. त्यानं आपला लेक कल्याण याला जल्दी जालन्याला बर्फाची पेटी आणायला पिटाळलं. सोयऱ्यांना सांगितलं, उद्या या.

ऊन असं की नळाचं पाणी हाताला चटके देत होतं. लाईट गेलेली. आळीतल्या एकाही घरात चूल पेटलेली नव्हती, कारण मयत उचलल्याशिवाय पेटवायची नाही, आणि समोरच्या गिरिजाबाईची सून दहा दिवसांची बाळंतीण होती. दुर्गाबाई रामरावच्या उशाशी पदरानं वारा घालत बसली होती. अकराच्या सुमाराला ती उठली आणि दिराला म्हणाली, "भाऊजी, उचला."

काकासाहेबानं दोनदा विचारलं. "वैनी, पोरगं निघालंय." ती म्हणाली, "उचला म्हणते ना." बारा वाजता उचललं. कल्याण अर्ध्या वाटेतून रिकामा परत आला आणि अग्नी त्यानं दिला.

त्यानंतर विमानतळावरून अंगदचा फोन आला. झालं ते कोणीतरी आधीच त्याला कळवलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "कोण म्हणलं उचला?" फोन दुर्गाबाईच्या कानाला होता. शेजारी काकासाहेब उभा होता. आणि दुर्गाबाईच्या तोंडून निघून गेलं, "तुझे काका."

अंगद बॅग घेऊन विमानतळावरून माघारी फिरला. दहाव्याला आला नाही, तेराव्याला आला नाही. ज्यांनी तोंड बघू दिलं न्हाई त्यांच्या दारात पाय ठेवणार न्हाई, म्हणाला. काकासाहेबाला सगळं ऐकू गेलं होतं. तो भला माणूस वहिनीला एवढंच म्हणाला, "असू द्या वैनी. माझ्यावर रागावला तर आज ना उद्या इसरल. मायवर रागावला तर लेकरू कुठं जाईल?"

रामराव गेला त्या संध्याकाळी गिरिजाबाई कडू घास घेऊन आली. दुर्गाबाईचीच रीत ती, हात पुढं धरून बसली. अर्ध्या तासानं गिरिजाबाईचाच हात खाली आला. दुर्गाबाईनं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी चूल पेटल्यावर ती साधं जेवली, रोज जेवते, पण तो घास मात्र राहिला. ज्या बाईनं स्वतःचा घास घेतला नाही तिनं दुसऱ्याला कोणत्या तोंडानं भरवावा? म्हणून ती कोणाच्या दारी जात नव्हती. खचली-बिचली काही नव्हती.

अंगद काही विसरला नाही. मागच्या दसऱ्याला काकासाहेबाची उजवी बाजू वाऱ्यानं गेली तेव्हाही त्याचा फोन आला नाही. आणि त्याच महिन्यात त्यानं आईला बोलावणं धाडलं, सहा आठवडे येऊन राहा म्हणून. विमानाची भीती, थंडीची भीती, सगळी बाजूला ठेवून ती हो म्हणाली. एकाच कामासाठी. समोरासमोर बसून खरं सांगायचं. निघायच्या दिवशी काकासाहेबानं डाव्या हातानं एक पिशवी पुढं केली. त्याच्या रानातल्या ज्वारीचं पाच किलो पीठ. "कोणाचं म्हणून सांगू नका वैनी," तो ओढत ओढत बोलला. "न्हाईतर खायचा न्हाई."

विलायत म्हटल्यावर तिच्या डोळ्यापुढं उंच इमारती होत्या. अंगदनं मोटारीनं तीन तास नेऊन जिथं उतरवलं ती तर वाडीच निघाली. आपल्या वाडीपेक्षाही लहान. अकरा घरं, सगळी दगडी. एक चर्च, त्याच्या अंगणात कललेल्या दगडांची स्मशानभूमी, भोवती हिरवीगार कुरणं आणि त्यात मेंढरं. दुकान नाही, पार नाही, पिठाची गिरणी नाही, कर्णा नाही. कुत्रीसुद्धा न भुंकणारी. पहिल्या दिवशी तिला वाटलं, सगळे कुठं लग्नाला गेलेत. चौथ्या दिवशी तिनं सुनेला विचारलं, "अर्पिता, हितं माणसं हायेत का नुसती घरं?"

अर्पिता जालना शहरातली, आता विलायतेत जवळच्या गावी दवाखान्यात कामाला. सासूला ती आत्या म्हणते. "आहेत की आत्या," ती म्हणाली. "आत असतात."

बाहेर दिसणारा माणूस एकच. कमरेएवढ्या दगडी भिंतीपलीकडं एक म्हातारा राहायचा, ऐंशीच्या पुढचा, बर्नार्ड नावाचा. रोज सकाळी तो अंगणातली पडलेली पानं दाताळ्यानं गोळा करायचा. दुर्गाबाई भिंतीशी जाऊन "राम राम बाबा" म्हणायची. तो टोपी उचलायचा. पुढं पुढं ती त्याची थट्टाही करू लागली. "सगळी आजच लोटता का बाबा? उद्याला ठेवा की चार." तो मान डोलवून काहीतरी म्हणायचा. कोणाचं कोणाला कळत नव्हतं, पण सकाळ बरी जायची. त्याच्या घरात पन्नाशीची एक बाई बॅग घेऊन आलेली दिसली तेव्हा दुर्गाबाईनं ठरवून टाकलं, लेक माहेरपणाला आली. म्हाताऱ्याचं बरं झालं, असं तिनं अर्पितालाही सांगितलं. अर्पिता नुसतं "हं" म्हणाली.

घरात सगळं ठीक होतं, आणि काहीच ठीक नव्हतं. अंगद आईला जाड कोट आणून द्यायचा, रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवायचा, इतकं करायचा की तिला भरून यायचं. पण भिंतीवर बापाचा फोटो नव्हता. तिनं तीनदा सुरुवात केली, "अंगद, तुझ्या काकाचं जरा—" की हा उठलाच. "चहा ठेवू का माय?" तेरा दिवसांत तिनं जन्मभराचा चहा पिऊन घेतला. खरं सांगावं आणि लेकानं तोंड फिरवलं, तर तिला दुसरं होतं कोण? न सांगता परत जावं, तर काकासाहेबापुढं उभं कसं राहावं? त्याला तरी किती दिवस उरलेत? रात्री ती अंथरुणात हे सगळं पुन्हा पुन्हा घोळवायची, आणि ते कुरण असं गप्प की तिला स्वतःचाच श्वास ऐकू यायचा.

चौदाव्या दिवशी, गुरुवारी, ती खिडकीत उभी होती. बर्नार्डबाबाच्या दारात एक लांब काळी मोटार आली. मागं काळ्या कपड्यातली पंधरा-वीस माणसं. अंगदही काळा कोट घालून त्यांच्यात होता. नोकरीवरून अर्धी रजा काढून आला होता आणि आईला काही बोलला नव्हता. मोटारीत फुलं ठेवलेली पेटी दिसली. सगळे पायी पायी चर्चकडं गेले. त्यांच्या पुढं बर्नार्डबाबा, टोपी हातात, आणि त्याच्या दंडाला धरून ती माहेरवाशीण. रडण्याचा आवाज म्हणून कुठं नाही. आपल्याकडं बकरू मेलं तरी याहून गलका होतो.

अडीचला माणसं परतली. साडेतीनला एकेक मोटार निघून गेली. चारला उजेड कमी होऊ लागला तरी म्हाताऱ्याच्या खिडकीत दिवा लागला नाही, आणि बाकीच्या घरांवर रोज दिसणारा धुराड्यातला धूर या घरावर तर एकदाही दिसला नव्हता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. अर्पिताची त्या दिवशी दवाखान्यात रात्रपाळी होती; अंगद घरात येऊन कोट काढत होता.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"त्यांच्या बाई. आयरिस आजी."

"आन् तू घरी आला? कोणी काई घेऊन गेलं का त्यांला?"

"माय, हितं तसं न्हाई राहत. चर्चमधी चहा-सँडविच होतं सगळ्यांला. कोणाच्या घरी जायचं तर आधी विचारावं लागतं."

"दुखात बी?"

"दुखात तर जास्तच."

दुर्गाबाईनं पदर खोचला. ती स्वयंपाकघरात गेली. परात काढली, काकासाहेबाच्या पिठाची पिशवी सोडली. आपण आपला घास घेतलेला नाही, आपल्याला हे चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण अकरा घरांच्या वाडीत आज चूल बंद असलेल्या घरी जाणारं दुसरं कोणी नव्हतं. देवानं विचारलंच तर देवाला सांगू, असं म्हणून तिनं पीठ मळायला घेतलं. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगेना, कडा काळ्या झाल्या. तीन भाकरी झाल्या, घट्ट पिठलं झालं. हळद नाही, फोडणी नाही. वास येताच अंगद दारात येऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा बदलला. तो वास तो ओळखून होता.

"माय, नको."

"तू यायचं न्हाई तर नको येऊ. मी भिंतीवरून चढून जाईन. पडले तर तुझ्या नावावर."

ती खरंच चढेल हे त्याला माहीत होतं. तो निमूट निघाला.

बर्नार्डनं दार उघडलं. अंगात अजून तोच काळा कोट. लेक पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेली होती, तासाभरात येणार होती. त्यानं दोघांना आत घेतलं, दिवा लावला. शेगडीत राख गार पडलेली. दुर्गाबाई खुर्चीवर बसली नाही. म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून ती त्याच्यापुढं गालिच्यावर मांडी घालून बसली, ताट त्याच्या गुडघ्यावर ठेवलं, तुकडा मोडून पिठल्यात बुडवला आणि हात पुढं धरला. अंगद लाजेनं अर्धा झाला.

"सांग त्यांला," ती म्हणाली. "ज्या घरचं माणूस जातं त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नसती. म्हणून शेजारच्यानं आणायचं असतं. हे माझ्या चुलीचं हाय. आज गेल्या त्या, आज उपाशी निजायचं न्हाई."

अंगदनं इंग्रजीत सांगितलं. म्हातारा तिच्या हाताकडं पाहत राहिला. मग तो हळूहळू बोलू लागला.

"काय म्हणतेत?"

"काई न्हाई."

"अंगद. काय म्हणतेत?"

अंगदनं भिंतीकडं तोंड केलं. "आज न्हाई गेल्या त्या. तीन आठवडे झाले जाऊन. तू यायच्या आधीच गेल्त्या. हितं लगेच करत न्हाईत, शहरात थंड खोलीत ठेवतेत." पुढचं वाक्य त्याला जड गेलं. "त्यांची पोरगी ऑस्ट्रेलियात असती. तिला यायला जमत नव्हतं. तिच्यासाठी थांबले."

दुर्गाबाईचा हात तसाच पुढं होता. तेरा दिवस. तेरा दिवस ती या माणसाला हसून राम राम घालत होती, पानांवरून थट्टा करत होती, आणि याची बायको तिकडं एकटी गार पडलेली होती. लेक माहेरपणाला आली म्हणून आपण खूश झालो होतो. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं. अंगदला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शेजारी मयत आहे हे त्यानं आईला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर 'थांबले' हा शब्द बोलावा लागला असता.

"इचार त्यांला," ती म्हणाली. "तीन आठवडे कोणी काई आणून दिलं का?"

अंगदनं विचारलं. बर्नार्डनं खिडकीकडं बोट केलं. तिथं पंचवीस-तीस कार्डं ओळीनं मांडून ठेवलेली होती. फुलांची, पक्ष्यांची. त्यातलं एक अंगद-अर्पिताचं होतं.

म्हाताऱ्यानं मग तोंड उघडलं. दुर्गाबाईनं घास त्याच्या तोंडात दिला. त्यानं पुष्कळ वेळ चावला, गिळला, आणि तिच्या मनगटाला धरून बोलू लागला. या वेळी अंगद न सांगता भाषांतर करत गेला, हळू आवाजात.

"म्हणतेत, तिला कधी एकटी झोपायची सवय नव्हती. साठ वर्षं. आन् तिकडं तीन आठवडे एकटी ठेवली. मी दोनदा बसनं जाऊन आलो, पण तिसऱ्यांदा माझ्यानं बघवलं न्हाई. रोज सकाळी पानं लोटत होतो, दुसरं काय करू. पोरीला तोंड बघायला मिळालं, ते बरं झालं. पण मला कोणी इचारलं असतं तर मी म्हणलो असतो, आजच न्या."

म्हातारा रडला. आवाज न करता, पण रडला. दुर्गाबाई तिथंच बसून राहिली. त्याचं आवरल्यावर दोघं उठले.

दोन घरांमधली वाट पन्नास पावलांची. अंधार पडत होता, मेंढरं भिंतीच्या आडोशाला गोळा झाली होती. अर्ध्या वाटेत अंगद थांबला.

"तीन आठवडे थांबले, माय," तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो त्या गोष्टीवर बोलत होता. "परकी माणसं. पोरीसाठी तीन आठवडे थांबले. काकांला एक दिवस निघाला न्हाई."

आता. नाही तर कधीच नाही, हे दुर्गाबाईला कळलं. तिनं भिंतीवर हात टेकला.

"तुझा काका थांबाय तयार होता. पेटी आणाया कल्याणला धाडलं होतं त्यानं. दोनदा इचारलं मला, पोरगं निघालंय म्हणून. मी म्हणले उचला."

अंगद वळून तिच्याकडं बघू लागला.

"आळीतल्या चुली थांबल्या होत्या. गिरिजाबाईची सून बाळंतीण होती. ऊन लई होतं. हे सगळं खरं हाय, पण त्याच्यापायी न्हाई म्हणले मी." तिनं भिंतीचा दगड घट्ट धरला. "त्यांचं तोंड बदलाया लागल्तं. माझ्या डोळ्यादेखत. लेकानं ते तोंड बघू न्हाई म्हणून म्हणले, असं म्हणावं तर ते बी पुरं खरं न्हाई. माझ्यानं बघवंना, अंगद. जन्मभर दुसऱ्याच्या मयताशी मी बसले, आन् माझ्या माणसापाशी मला एक रात बसवलं न्हाई. भ्याले मी."

"मंग फोनवर काकांचं नाव का सांगितलं?"

"भ्याले म्हणून. तू बी जाशील म्हणून."

"दोन वर्षं, माय."

"हां. दोन वर्षं."

तो तिला तिथंच सोडून घरात गेला. जिना चढल्याचा आवाज आला, वरचं दार लागल्याचा आवाज आला. दुर्गाबाई थोडा वेळ भिंतीशी उभी राहिली. ज्याची भीती होती ते झालं होतं, आणि गंमत म्हणजे छातीवरचं ओझं मात्र उतरलं होतं. बर्नार्डबाबाच्या खिडकीतून उजेड येत होता. ती घरात आली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. कट्ट्यावर दोन भाकरी आणि वाडगाभर पिठलं उरलं होतं. तिनं त्याला हाक मारली नाही. हाक मारायचा आपला हक्क आज गेला, असं तिला वाटत होतं.

अर्ध्या-पाऊण तासानं तो खाली आला. डोळे सुजलेले. तिच्यासमोर जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा, भिंतीला पाठ लावून.

"त्या दिवशी तुला घास कोणी दिला?" त्यानं विचारलं.

"गिरिजाबाई घेऊन आल्ती."

"घेतला?"

"न्हाई."

"का?"

"पहिला लेकानं घ्यायचा असतो," दुर्गाबाई म्हणाली. "तू आला नव्हता. तुझ्यासाठी त्यांला ठेवलं न्हाई मी. म्हणलं, घास तरी ठेवावा."

अंगदनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती उठली, ताट घेऊन आली, त्याच्यापुढं मांडी घालून बसली. भाकरी गार होऊन वातड झाली होती. तिनं तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि हात पुढं धरला. किती वेळ गेला कोण जाणे. हाताला रग लागली तरी तिनं तो खाली घेतला नाही. शेवटी त्यानं हात बाजूला केले आणि घास घेतला. गिळायला त्याला फार कष्ट पडले. मग त्यानं एक तुकडा मोडला आणि आईच्या तोंडापुढं धरला. तिनं लगेच तोंड उघडलं.

दोघं रडले ते सांगायला नको. अकरा घरांत तेवढा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा झाला असेल.

"पीठ कोणाच्या रानातलं?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

सांगू नका म्हणून काकासाहेबानं बजावलं होतं. पण एक खोटं दोन वर्षं पुरलं होतं तिला.

"तुझ्या काकाच्या. त्याची उजवी बाजू गेलीय. डाव्या हातानं पिशवी धरून उभा राह्यला होता. म्हणला, माझं नाव सांगू नका, न्हाईतर खायचा न्हाई."

अंगद ताटाकडं पाहत राहिला. उरलेल्या भाकरीचा तुकडा त्यानं हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. दुर्गाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. मग त्यानं तो तुकडा उचलून खाल्ला. मग पुढचा. वाडगं पुसून घेतलं, दुसरीही भाकरी संपवली.

"अजून एक टाकतीस का?" तो म्हणाला. "गरम."

कडू घास कोणी दुसऱ्यांदा मागत नाही. दुर्गाबाईनं पदरानं तोंड पुसलं, उठून परात घेतली आणि काकासाहेबाच्या पिशवीत हात घातला.